दैवशालाबाईंचा सरळ प्रश्न

दैवशालाबाईंना मी आधी खिजगणतीतही धरत नव्हते, हे कबूल करून टाकते. तीर्थपुरीजवळच्या आमच्या शाळेत त्या खिचडी शिजवतात आणि मी आठवीला विज्ञान शिकवते. जालन्याहून एसटीनं रोज जाऊन-येऊन करते, त्यामुळे राग कायम नाकावर. मुलांच्या आत्महत्या कशा रोखायच्या, याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण अंबडला निघालं. शाळेतून दोघं हवे होते. एका सरांनी ऐनवेळी अंग काढून घेतलं आणि हेडमास्तरांनी हजेरीपुरतं बाईंना पाठवलं. गाडीत त्या शेजारी बसल्या तेव्हा मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिले.

प्रशिक्षण देणाऱ्या ताई म्हणाल्या, मुलाचं वागणं बदललेलं दिसलं तर आडवळण नको, सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्यानं तो विचार मनात शिरत नाही, उलट मुलाला बोलायला वाट मिळते. मग प्रत्येकाला तो प्रश्न मोठ्यानं म्हणायला लावला. काय सांगू, वीस पदवीधर आणि एकालाही जमेना! 'शुभ बोल नाऱ्या' ऐकत वाढलेली माणसं आम्ही. असलं अभद्र तोंडातून काढलं तर वास्तू तथास्तु म्हणते, हेच डोक्यात. मी म्हटलं, "तुला तसलं काही... म्हणजे वाटत वगैरे नाही ना?"

दैवशालाबाई उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "बाळा, मरून जावं असं वाटून राह्यलं का तुला?"

मला थोडा रागच आला, की यांना हे एवढं सोपं कसं?

आठवीतली साक्षी हुशार आणि अबोल. नाव मी बदललं आहे. जानेवारीत ती आपल्या वस्तू वाटायला लागली. कंपास एकीला, रंगपेटी दुसरीला. हे धोक्याचं लक्षण असू शकतं, असं माझ्या प्रशिक्षणाच्या वहीत लाल शाईनं अधोरेखित केलेलं होतं. आणि मी काय केलं? परिपाठात तिला पुढं बोलावून सगळ्या शाळेला टाळ्या वाजवायला लावल्या. "बघा, देण्यात किती आनंद असतो!" फळ्यावर लिहिता येईल असा सुविचार दिसला की आम्हा मास्तर लोकांना दुसरं काही दिसत नाही.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत चौथीतली शालू खिचडीच्या रांगेत उभी होती. आमच्याकडे मुलं ताटल्या घरून आणतात आणि घरोघरच्या भांड्यांवर नाव कोरलेलं असतं. शालूच्या ताटलीवर साक्षीचं नाव होतं.

"साक्षीताईनं दिली. म्हणली, तुलाच ठेव," शालू म्हणाली.

मी कदाचित पुन्हा टाळ्या वाजवल्या असत्या. दैवशालाबाईंनी पळी खाली ठेवली. "मॅडम, माणूस समदं वाटील. पण उद्या ज्याच्यात जेवायचं, ती ताटली कोण देतं?"

साक्षी पाण्याच्या टाकीमागं एकटी बसली होती. बाई तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. मी चार पावलांवर उभी.

"साक्षी, मरून जावं असं वाटून राह्यलं का तुला?"

मी डोळे मिटून घेतले. साक्षी मातीकडे बघत म्हणाली, "हो, मावशी."

'असं बोलू नये' नाही, 'आईबापाचा विचार कर' नाही. बाई म्हणाल्या, "बरं केलं सांगितलंस. मी हितंच हाय, बिलकुल हलत न्हाई." मग माझ्याकडे वळून, "मॅडम, तुम्ही फोन लावा, जल्दी."

आणि खरंच हलल्या नाहीत. आई येईपर्यंत, जालन्याच्या समुपदेशक ताईंशी सगळं बोलणं होईपर्यंत, अडीच तास साक्षीचा हात त्यांच्या हातात होता. खिचडी करपली. दीडशे पोरं बिस्किटांवर राहिली. हेडमास्तर तणतणत आले. मी त्यांना ज्या शब्दांत परत पाठवलं, ते छापण्यासारखे नाहीत.

तिला कशाचा त्रास होता ते तिचं आहे, मी सांगणार नाही. उपचार सुरू झाले, आई दर पंधरवड्याला तिला जालन्याला नेते. एवढ्यानं सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका. दर सोमवारी दोघीच असताना बाई तिला तेच विचारतात. परवा मी पाणी प्यायला म्हणून खिचडीच्या खोलीत गेले होते, तेव्हा दोघी तिथंच होत्या. निघून जायला हवं होतं, पण साक्षीनंच "राहू द्या मॅडम" म्हटलं.

"ह्या आठवड्यात आल्ता का तसला इचार?"

"बुधवारी आल्ता," साक्षी म्हणाली. "मंग मीच आईला सांगितलं."

बाई "बरं" म्हणाल्या आणि तिला वाढायला लागल्या. मी मात्र तिथंच तांदळाच्या पोत्यावर बसले. वीस वर्षं मी प्रश्न विचारतेय. एवढं मोठं उत्तर माझ्या वर्गात आजवर कुणी दिलेलं नाही.