सुकलालच्या आईने ऐकलेली कॅसेट

या फोरमवरचे अनुभव मी इतकी वर्षं वाचत आलो ते, खरं सांगतो, हसण्यासाठी. पिंपळाखालची बाई, मागून येणारी पावलं… असलं काही माझ्यासमोर आलं असतं तर मी आधी बॅटरी शोधली असती. पण माझ्या बाबतीत जे घडलं ते भर दुपारी, ऑफिसात, टेबलावर चहाचे कप असताना घडलं. म्हणूनच ते झटकता येत नाही.

मागच्या आठवड्यात पुतण्या आला होता. पुण्यात एका कंपनीचं सोशल मीडियाचं पेज आणि ब्लॉग सांभाळतो. कामगारांच्या हसऱ्या मुलाखती टाकायच्या, गोड कमेंट वर ठेवायच्या, कुरकुर करणाऱ्या उडवायच्या. याला एंगेजमेंट म्हणतात, असं तो मला समजावत होता. मी मान डोलावली. हाच धंदा मी त्याच्या जन्माआधी सिल्वासाला टेपरेकॉर्डरवर केलाय, हे त्याला काय सांगणार…

नव्वदच्या आसपासची गोष्ट. किलवणी रोडला धाग्याचा एक कारखाना होता, तिथे मी वेल्फेअर असिस्टंट. राहायला टोकरखाड्याला. कामगार बहुतेक धुळे-नंदुरबारकडचे. दिवाळीला गावी गेले की तुळशीची लग्नं उरकली तरी परतायचे नाहीत, आणि ऑर्डरी नेमक्या तेव्हाच. मग आमचे पर्सोनेल मॅनेजर मेहतासाहेब यांनी डोकं लढवलं. रजा द्यायची नाही; त्याऐवजी प्रत्येकाचा निरोप टेप करून कॅसेट गावाला पाठवायची. योजनेचं नाव 'स्नेहसंवाद'. आधी सनई, मग साहेबांच्या शुभेच्छा, मग माझं निवेदन, मग त्या त्या गावच्या पोरांचे आवाज. माणूस पाठवण्यापेक्षा आवाज पाठवणं स्वस्त, एवढीच ती अक्कल. हेड ऑफिसला मात्र गहिवरून आलं.

निरोप मीच लिहून द्यायचो. 'मी इथे खुशाल आहे. कंपनी घरच्यासारखी काळजी घेते. दिवाळी गोड करा.' बायकोला, आईला, म्हाताऱ्या आजोबांना — सगळ्यांना तेच. स्टोअरमागच्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून गोधड्या टांगल्या होत्या. आत मी आणि बोलणारा. दार बंद.

सुकलाल साक्रीकडचा. धागा तापवतात त्या शेडमध्ये होता. तिथे तेलाचा धूर दिवसभर छातीत जायचा. पावसाळ्यानंतर तो फारच खंगला होता. रजा मागून मागून थकला होता. टेप सुरू केली, तर त्याने चिठ्ठी मांडीवर ठेवली आणि माईकला तोंड लावून म्हणाला, "माय, माले लेवाले ये. आठे मना दम कोंडाई राहिना." आई, मला न्यायला ये, इथे माझा दम कोंडतोय. एवढं बोलून त्याला खोकला आला.

मी म्हणालो, "हे नको रे. परत बोल. आणि जरा हसून बोल, आई ऐकणार आहे."

टेप मागे घेतली आणि त्याच जागेवर पुन्हा भरली. या वेळी त्याने चिठ्ठी वाचली. हसलासुद्धा. त्या वर्षीचा सगळ्यात छान निरोप त्याचाच झाला, असं मी साहेबांना सांगितलं होतं. त्या टेपवरून मग वापीच्या दुकानात नव्याकोऱ्या कॅसेटवर कॉप्या निघाल्या.

दिवाळी झाली आणि सुकलालची आई गेटवर हजर. हातात बोचकं, पदराच्या गाठीत कॅसेट. "मना पोऱ्याले लेवाले उनू," म्हणाली, पोराला न्यायला आलेय. पोराने स्वतः बोलावलंय, कॅसेटमध्ये. वॉचमनने तिला हसत हसत वर आणलं.

मेहतासाहेब रंगात होते. "माँजी, इसमें तो सब अच्छा-अच्छा है," म्हणाले, आणि मला कॅसेट लावायला सांगितली.

सनई झाली. साहेब झाले. मी झालो. मग सुकलाल आला — 'मी इथे खुशाल आहे…' खोलीतल्या आम्हा सगळ्यांना तेच ऐकू आलं. ती बाई डोळे मिटून, आरती म्हणावी तशी, टेपबरोबर बोलायला लागली. माय, माले लेवाले ये. आठे मना दम कोंडाई राहिना. मग ती खोकली. तसंच, सुकं. मग डोळे उघडून तिने माझ्याकडे बोट केलं. शहरी मराठीचा एक शब्द जिला धड बोलता येत नव्हता, ती बाई माझ्या सुरात म्हणाली, "हे नको रे. परत बोल. आणि जरा हसून बोल, आई ऐकणार आहे."

टेपमध्ये त्याच वेळी सुकलाल म्हणत होता, दिवाळी गोड करा.

साहेबांचं निदान तयार होतं: युनियनवाल्यांनी पढवलंय. मीही ते धरून बसलो. सुकलालला विचारलं, कोणाकडून सांगावा धाडला होतास का? त्याने आईची शपथ घेतली, ती शेजारीच उभी असताना. गावच्या पोरांनी नंतर सांगितलं, दुकानाच्या ओट्यावर कॅसेट वाजत होती, सगळे सुकलालचं कौतुक करत होते. म्हातारी मध्येच उठली आणि एस.टी.च्या रस्त्याला लागली.

आज गेला तर परत घेणार नाही, असं साहेबांनी बजावलं. ती शेडच्या दाराशी जाऊन उभी राहिली. शिफ्ट सुटली, सुकलाल बाहेर आला आणि डबा घ्यायलासुद्धा आत न जाता तिच्यामागे चालू लागला. धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात बरेच दिवस होता, पण सुधारला म्हणे. मी? पुढच्या वर्षी मी आणखी गोड चिठ्ठ्या लिहिल्या.

कॅसेट अजून माझ्याकडे आहे. पुतण्यालाही ऐकवली. त्यालाही सुकलाल खुशालच वाटला. "काका, भारी कंटेंट आहे," म्हणाला. त्या बाईला ते कसं ऐकू आलं, याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही, आणि आता मिळेल असं वाटत नाही.

फक्त एक राहिलं. निवेदन माझं, म्हणून मोठ्या तोऱ्यात एक कॉपी मी खेडला आईकडे पाठवली होती. उन्हाळ्यात गेलो तेव्हा तिला टेपजवळ बसवलं. नीट ऐक म्हटलं, मी काय बोलतोय ते सांग.

"शुभेच्छा देतोयस की. छान बोलतोस हो."

आणखी काही ऐकू येतंय का, मी विचारलं. तिने पुन्हा कान लावला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "का रे, तुला आणखी काही सांगायचं होतं?"

मी नाही म्हणालो. आणि खरंच काही नव्हतं.