काठीच्या टोकावरची अरुंधती

लग्नात नवऱ्याने नवरीला अरुंधतीची चांदणी दाखवायची असते. मला ती ठाऊक नव्हती, म्हणून मी कुठेतरी बोट केले. "दिसली," ही म्हणाली. ते खोटे मला वीस वर्षे टोचत होते.

गेल्या वैशाखात एका रात्री मोहोळजवळ बैलगाडीचे चाक मोडले, तेव्हा एका मेंढपाळाने मला आपल्या घोंगडीवर बसवले. सप्तर्षींना तो बाजलं, म्हणजे खाट, म्हणे. काठी उंचावून त्याने खाटेमागच्या तीन चांदण्यांतली मधली दाखवली.

"तिला चिकटून बारकी हाय, ती अरुंदती."

"दिसली," मी घाईने म्हणालो.

तो खदखदून हसला. "काठी कवाच कुत्र्याकडं वळवली की, मास्तर! दिसंस्तवर बगा."

सोलापुरात परतल्यावर रात्री माळवदावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, हिला सारे सांगितले. ही हसतच सुटली. "मला तरी कुठे दिसली होती?"

मग दोघे दिसेपर्यंत बघत बसलो.