राखेच्या बुधवारची ग्रेस

फोन निखिलचा होता, सिंथियाच्या नवऱ्याचा. मी विरारच्या एका छापखान्यात पत्रकाची प्रुफं तपासत होते. "ताई, आधी बस," तो म्हणाला. "ग्रेसला वाडीत चक्कर आली... दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं." मशीन चालूच होतं.

ग्रेस, सिंथिया आणि मी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. त्या दोघी वसईजवळच्या होळी गावातल्या, ख्रिस्ती बागायतदारांच्या मुली, मी चंदनसारची. आमच्या घरी देवघर नव्हतं, चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे होते. त्यामुळे व्हॅलेंटाइन डेबद्दल माझं मत कधीचंच तयार होतं: भेटकार्डं विकणाऱ्यांनी काढलेला सण. तसं पत्रक लिहून मी स्टेशनबाहेर वाटलंही. ग्रेसने ते कागड्याच्या पांढऱ्या, जुईसारख्या कळ्या खुडता खुडता वाचलं. "जहाल आहे," म्हणाली. "पण ज्याच्या नावाने दिवस आहे, तो माणूसच यात नाय." मग तिने सांगितलं, की रोममध्ये एक धर्मगुरू होता. राजाने सैनिकांच्या लग्नांवर बंदी घातली, तर हा लपूनछपून त्यांची लग्नं लावायचा. त्यापायी त्याचा जीव गेला. "तुझ्याच पक्षातला निघाला बघ." मी पुरावा मागितला. "पुरावा नाय, कथा आहे. त्या दिवसांत तिकडची पाखरं जोडी जमवतात, म्हणून प्रेमाचं प्रकरण मागून चिकटलं, असंही म्हणतात. तू शोध. मला फुलं बाजारात पाठवायचीत." मी शोधलं. कथाच होती. तरी तो हट्टी धर्मगुरू मला आवडून बसला.

दर बुधवारी संध्याकाळी ग्रेसच्या ओटीवर पाचसहा मैत्रिणी प्रार्थनेला जमायच्या. एकीने आपली काळजी सांगायची, बाकीच्यांनी तिच्यासाठी प्रार्थना करायची. ग्रेसचा एक नियम मात्र कडक होता: आज जिच्यासाठी प्रार्थना झाली, तिच्या घरी उद्या आपल्यातली कोणीतरी जाऊन बसायचं. "गुडघे टेकले की काम संपलं, असं नाय," ती म्हणायची. मी जायचे ती चहाला आणि वाद घालायला.

एका वर्षी राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाचा पहिला दिवस, नेमका चौदा फेब्रुवारीला आला. चर्चबाहेर गुलाबवाला उभा, आणि आत सगळ्यांच्या कपाळावर राखेचा क्रूस, पोटात उपास. त्याच आठवड्यात सिंथियाने घरी सांगितलं होतं, की ती निखिलशी लग्न करणार. अर्नाळ्याच्या हिंदू कोळ्याचा मुलगा. तिचे वडील, बावतीसकाका, यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. निखिलचं नाव ते घेत नसत. 'तो अर्नाळ्याचा' एवढंच म्हणत. संध्याकाळी ओटीवर आमच्यातल्या वयाने मोठ्या रोझीमावशींनी डोळे मिटून सुरुवात केली, "देवा, सिंथियाला सुबुद्धी दे." सिंथिया समोरच बसली होती, मान खाली घालून.

ग्रेसने डोळे उघडले. "मावशी, सुबुद्धी आहे तिच्याकडं. माणसं कमी पडतायत. माणसं मागा."

"आणि देव रागावला म्हणजे?"

"माझं नाव सांगा. ओळखतो तो मला."

मावशींनी पुन्हा डोळे मिटले. मग म्हणाल्या, "देवा, सिंथियाला माणसं दे... ग्रेस सांगते म्हणून." उपाशी पोटी आम्ही किती हसलो.

उन्हाळ्यात लग्न झालं, नोंदणी पद्धतीने. ग्रेस साक्षीदार होती. काका आले नाहीत. त्यानंतर दर गुरुवारी ग्रेस काकांच्या वाडीत जाऊ लागली. ते पाठ फिरवून पाटाचं पाणी सोडत, ही शेजारच्या वाफ्यात भाजी खुडायची. मी विचारायचे, "काय बोललात?"

"पालक."

मी चिडायचे. सज्ञान मुलीच्या लग्नाला कोणाची परवानगी लागत नाही, हे मी आजही तितक्याच जोराने म्हणेन. "तर मग जाब विचार की त्यांना," मी तिला सुनवायचे. ती म्हणायची, "जाब तू विचार, तुझा आवाज मोठा आहे. मी बसते. त्यांच्या बाजूलाबी कोनीतरी पाहिजे ना?" दोन वर्षं ती बसत राहिली. तिच्या हयातीत काका वळले नाहीत.

ग्रेस गेल्यावर महिन्याने चर्चमध्ये तिच्यासाठी मिस्सा झाली, त्यानंतरच्या बुधवारी आम्ही पुन्हा ओटीवर जमलो. ग्रेसच्या आईने मेणबत्ती लावली. काळोख पडता पडता बावतीसकाका आले आणि खालच्या पायरीवर टेकले. इथे ते कधीच आले नव्हते. सिंथिया त्या दिवशी नव्हती. कोणाची काही काळजी आहे का, असं रोझीमावशींनी विचारलं.

"सिंथियासाठी करा," काका म्हणाले. "अन् निखिलसाठी."

प्रार्थना झाली. मी हात जोडत नाही, तेव्हाही जोडले नाहीत. पण संपल्यावर कोणी उठेना. आता ग्रेस विचारायची तो प्रश्न होता, आणि सगळ्या तिच्या रिकाम्या पाटाकडे बघत होत्या. शेवटी मीच विचारलं, "उद्या कोण जाणार?"

काका उठले, पायात चप्पल सरकवली.

"मी जातो. पन घर ठाऊक नाय मला. तू चल संगती."