अर्धं गाऱ्हाणं व्याह्यांचं

माझ्या व्याह्यांचा मला राग येतो. अजून येतो. माणूस वाईट असता तर सोपं होतं, दोन शिव्या घातल्या की मोकळा. पण माणूस चांगला आहे आणि मला शांत बसू देत नाही.

मी साचेखात्यातला. साचे म्हणजे माग. लालबागच्या गिरणीत आमच्या खात्यात सगळे साचे एकदम धडधडायचे, शेजारच्याकडे तंबाखू मागायची तरी कानाला तोंड लावून बोंबलावं लागायचं. गिरणी गेली, आवाज राहिला. घरात मीठ मागितलं तरी शेजारीण दारात येऊन विचारते, काय झालं? शाळा चौथीपर्यंत. मनात आलेलं आत ठेवायची विद्या त्या चौथीत शिकवली नाही आणि पुढे मला कोणाकडून शिकायची नव्हती. आनंद झाला तरी ओरडतो, दुःख झालं तरी ओरडतो. बायको मालवणीत सुनावते, "तुमच्या पोटात काय एक रवणा नाय."

व्याही पडले गिरगावचे. तीन पिढ्या त्याच इमारतीत, त्याच जिन्याने वरखाली. कोर्टात नोकरी केली, निवृत्त झाले. त्या घरात कोणी आवाज चढवत नाही. भांडण झालं तर दार लावतात, तेही हळू. आणि व्याह्यांचं सगळं बोलणं एका शब्दात: बरं. माझी मुलगी त्यांच्या मुलाला आवडली हे सांगायला मी तावातावाने गेलो होतो, म्हटलं आता वाजणार. ते म्हणाले, "बरं." नात झाली, मी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर नाचलो, वॉचमनने हाकललं. ते म्हणाले, "बरं." त्यांची बायको गेली तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन बोलला. मी तिथेच होतो. मी भिंतीवर डोकं आपटलं, दोघांनी धरलं मला. आणि ज्याची बायको गेली तो डॉक्टरला म्हणाला, "बरं." चष्मा काढला, पुसला, परत घातला.

त्या दिवसापासून डोक्यात किडा शिरला. ह्या माणसाला लागतं का? लागत असेल तर किती? माझ्यापेक्षा कमी की जास्त? लोक म्हणतील, हे काय मोजायचं असतं? मला मोजायचं होतं. मी ऊर बडवून घ्यायचा आणि ह्यांनी चष्मा पुसायचा, आणि नातेवाईक घरी जाताना कोणाची तारीफ करणार, तर ह्यांची. काय धीराचा माणूस!

मुलगी मोठ्या कंपनीत माणसं निवडायचं काम करते. तिला एकदा विचारलं.

ती म्हणाली, "पप्पा, माणसांचे टाइप असतात. आम्ही टेस्ट घेतो. तुम्ही एक्स्ट्रोव्हर्ट."

"शिवी देतेस काय गो?"

"अहो नाही! म्हणजे तुमचं सगळं बाहेर. आमच्याकडचे बाबा इंट्रोव्हर्ट, त्यांचं आत."

"मग आत जास्त मावतं की बाहेर?"

"तसं नसतं मोजत, पप्पा."

"मग टेस्ट कसली घेता? पगार कशाचा?"

ती हसली. मी हसलो नाही.

मग गेल्या वर्षी तो कॅनडाचा विषय निघाला. जावयाला तिकडे काम मिळालं. मुलगी, जावई, सात वर्षांची नात, तिघंही जाणार, आणि नुसतं फिरायला नाही, राहायला. मुलीने फोनवर सांगितलं आणि मी फोन कानाला लावून चाळीच्या गॅलरीत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिलो. काय काय बोललो आठवत नाही, पण खालचा भाजीवाला वर बघत होता. दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी बायकोने ताट समोर आदळलं आणि म्हणाली, "उपाशी रवून विमान थांबाचा नाय." जेवलो, पण बसून जेवलो नाही.

मला कळत नव्हतं ते वेगळंच. माझं तरी काय, बायको आहे, पोरगा पलीकडे नायगावला राहतो. व्याह्यांचं कोण? बायको गेलेली, मुलगा एकुलता. हे तिघं गेले की त्या गिरगावच्या घरात ते आणि भिंती. आणि मुलाने सांगितलं तेव्हा म्हणे त्यांनी विचारलं, कधी निघणार, आणि म्हणाले, "बरं."

मला राहवेना. सरळ बस पकडून गिरगावात गेलो. घरात ते एकटे होते. गॅलरीत खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मी बसलो नाही.

म्हटलं, "व्याहीबुवा, तुम्ही एक शब्द बोला. मुलगा तुमचा आहे. तुम्ही नको म्हणालात तर तो थांबेल."

"थांबेल," ते म्हणाले.

"मग?"

"म्हणूनच."

पेपरची घडी घातली त्यांनी. नीट, कडेला कड लावून. मग म्हणाले, "राग मानू नका. तुम्ही नको म्हणालात तर कोणाचं अडत नाही. तुम्ही रोज काहीतरी नको म्हणता. मी त्याला जन्मात कधी नको म्हटलेलं नाही. एकदा म्हटलं तर तो सगळं टाकून इथे बसेल. आणि मग समोर बसलेला तो मला रोज बघावा लागेल."

इतकं लांब ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. आणि बोलले ते काय, तर तुमचं ओरडणं फुकटचं आहे! मी तडक निघालो. चपला घालत होतो तर मागून आवाज आला.

"अहो. तुम्ही बोलाच. जमलं तर जरा माझ्याही वाटचं बोला."

वळून बघितलं तर पेपर परत उघडलेला होता.

परत येताना बसमध्ये जागा होती तरी उभा राहिलो. अपमान झाला की मान मिळाला हेच कळेना. दोघांच्या वाटचं बोलायचं तर कुठे बोलायचं? माझं बोलणं कोणी ऐकत नाही हे तर ते सांगूनच बसले. आणि लालबागला उतरता उतरता सुचलं. गाऱ्हाणं!

आमच्या कोकणात कुठलंही मोठं काम निघालं की देवापुढे नारळ धरून गाऱ्हाणं घालतात. एक जण खड्या आवाजात देवाशी बोलतो, सगळ्यांच्या वतीने. तो जिथे जिथे थांबेल तिथे बाकीच्यांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा." मध्येच कोणी नाही म्हणत नाही. तशी रीतच नाही. आमच्या चाळीत गणपतीत गाऱ्हाणं मीच घालतो, दुसऱ्या कोणाचा आवाज तिसऱ्या मजल्यावर पोचत नाही. मी ठरवलं, पोरं निघायच्या आदल्या रविवारी गिरगावात जाऊन गाऱ्हाणं घालायचं आणि देवालाच सांगायचं, हे जाणं मोड. सगळ्यांना व्हय म्हणावं लागेल. मग बघू कोण विमानात चढतो ते.

रविवारी गेलो. घरभर बॅगा. बायकोने विडा मांडला, उदबत्ती लावली. मी नारळ हातात घेतला, टोपी घातली. मुलगी, जावई, नात, माझी बायको सगळी मागे उभी. व्याही कोपऱ्यात, खिडकीला टेकून. त्यांना ही रीत ठाऊक नव्हती. नात त्यांना सांगत होती, "तुम्ही पण म्हणायचं, जोरात म्हणायचं, हं!"

मी सुरू केलं. "बा देवा म्हाराजा! आज ह्या घरात तुझ्यापुढे नारळ धरलो हा..."

"व्हय म्हाराजा!" नातीचा आवाज सगळ्यांच्या वर.

"ही तुझी लेकरां घरदार सोडून लांब मुलखात जाऊक निघाली हत..."

"व्हय म्हाराजा!"

"ती खुशीत निघाली हत. पण ह्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या मनात ह्यां जाणा नाय रे म्हाराजा..."

मी 'माझ्या मनात' म्हणणार होतो. तेच ठरवून आलो होतो. तोंडातून 'ह्या घरातल्या' निघालं. मुलगी माझ्याकडे बघतेय, खाऊ की गिळू. जावयाने मान खाली घातली. नातीचं तोंड उघडं होतं, पण आवाज नाही, मोठ्यांकडे बघत होती.

"होय महाराजा."

खिडकीकडून आलं. शुद्ध, स्वच्छ. कोर्टात नाव पुकारावं तसं.

जावई वळला. "बाबा?"

व्याही खिडकीचा गज धरून उभे होते.

"बाबा, तुम्ही आधी का नाही बोललात?"

"तू विचारलं नाहीस."

"विचारलं होतं! तुम्ही बरं म्हणालात."

"हो. म्हणालो."

"मग आता हे काय? मी रद्द करू? सांगा ना, करू रद्द?" तो रडकुंडीला आला होता. एवढा मोठा माणूस.

माझी बायको पुढे झाली. "नारळ फोडतलात की तसोच धरून रवतलात?"

सुरू केलेलं गाऱ्हाणं अर्धं टाकता येत नाही. आणि मला जे हवं होतं ते माझ्या हातात आलं होतं, नारळासकट. एक वाक्य बोललो असतो, मोड रे म्हाराजा, की पुढचं आपोआप झालं असतं. जावयाचा चेहरा तसाच होता. मी तोंड उघडलं. खरं सांगतो, तेच वाक्य बोलायला उघडलं.

तेवढ्यात व्याही चार पावलं पुढे आले. "नारळ द्या इकडे."

"तुम्हाला येत नाही हे."

"द्या."

घेतला त्यांनी. नारळातलं पाणी हललेलं मला ऐकू आलं. मग देवाकडे बघून हळू आवाजात, गिरगावच्या मराठीत, ऑफिसात अर्ज वाचावा तसे बोलले. "देवा, यांनी सांगितलं ते खरं आहे. माझ्या मनात नाही. तरी पण यांना ने. सुखरूप ने. तिथे थंडी असते, नातीला जप. आणि..."

नातीने मला कोपराने ढोसलं. "आजोबा, आता तुम्ही म्हणायचं असतं."

मला म्हणायचं नव्हतं. माझं गाऱ्हाणं होतं ते! दोघांच्या वाटचं बोलायला सांगितलं आणि मी तोंड उघडल्यावर आपलं अर्धं स्वतःच बोलून मोकळे झाले, वर माझंही फिरवलं. पण ते नारळ धरून उभे होते आणि त्यांना पुढचं सुचत नव्हतं. मी म्हटलं, "व्हय म्हाराजा!" समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत आली.

आठवड्याने पोरं गेली. देवाने माझं अर्धं ऐकलं नाही, त्यांचं ऐकलं, ह्याचा हिशेब मी देवाकडे मागणार आहे. कोणाला जास्त लागतं हे मात्र अजून ठरवता आलेलं नाही. मी म्हणतो मला. रोज म्हणतो. पण मग तो दिवस आठवतो, जायचा.

टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी वळली. मी भर रस्त्यात उभा राहून रडत होतो, बायको पदराने तोंड पुसत होती. व्याही शेजारी होते. म्हटलं, आता हे वर जातील, खुर्चीत बसतील. म्हटलं, "चला वर, चहा घेऊ." तर ते घराच्या उलट्या बाजूला चालू लागले. चालू कसले, सुटलेच. सत्तरी ओलांडलेला माणूस, पायात घरातल्या चपला, आणि गर्दीतून असे जात होते की मला गुडघ्यामुळे गाठता येईना. चौपाटीच्या दिशेने. मी मागून ओरडत होतो, "अहो व्याही! अहो थांबा! कुठे चाललात?" लोक वळून माझ्याकडे बघत होते, ते वळत नव्हते.

मोठ्या रस्त्याशी सिग्नल लाल होता म्हणून थांबले. माझ्यासाठी नाही. मी धापा टाकत पोचलो, दंडाला धरलं. त्यांनी हात सोडवला नाही, पण बघितलंही नाही. तोंडाने काहीतरी पुटपुटत होते, सारखं, गाड्यांच्या आवाजात मला ऐकू येईना. मी, ज्याने साच्यांच्या आवाजात माणसांची बोलणी ऐकली आहेत, मला ऐकू येईना.

सिग्नल सुटला. ते निघाले, आणि त्यांच्या दंडाला धरलेला मीही.