शेवटची ओळ अकराची होती

धरणाच्या चौकीत मी कामाला लागले तेव्हा तिथल्या संगणकावर चित्रबित्र काही नव्हतं, नुसता काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. पाणी मोजणारं यंत्र दर पंधरा मिनिटांनी एका फाईलच्या तळाशी एक ओळ लिहायचं: वेळ आणि पातळी. ती बघायला दोन कमांड होत्या. 'टेल' लिहिलं की फक्त शेवटच्या ओळी दिसत. 'लेस' लिहिलं की सगळी फाईल उघडे, बाणानं खाली-वर सरकता येई. मला लेस आवडायची. उघडून ठेवलेल्या फाईलमध्ये नव्या ओळी आपोआप येत नाहीत, ती परत उघडावी लागते, हे शिकवणाऱ्यानं बजावलं होतं. मी ते कानाआड केलं.

आमचे अप्पा मेंढरं राखायचे. दुपारचा कळप धरणाखाली नदीच्या पात्रात, बाभळींच्या सावलीत बसवायची त्यांची जुनी रीत. मी चौकीत लागल्यापासून ते आधी मला फोन करत, मगच उतरत. बाकीचे मेंढपाळही त्यांच्या भरवशावर उतरत. लेकीच्या नोकरीचा तोरा त्यांनी मिरवला तो एवढाच.

त्या दिवशी नदीच्या वरच्या अंगाला, लिंबागणेशच्या बाजूला आभाळ भरलेलं, आमच्याकडे मात्र लख्ख ऊन. एकच्या सुमाराला फोन आला.

"पाणी कसं हाय गं माय?"

लेस सकाळपासून उघडीच होती. मी तळाच्या ओळीवर नजर टाकली. "जागच्या जागी हाय अप्पा. बसवा मेंढरं."

डबा खाऊन परत पडद्यासमोर आले. शेवटची ओळ अकराची होती. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजत आले होते. यंत्र बंद पडलं असेल, असं स्वतःला समजावत मी टेल लिहिलं. एकही ओळ चुकलेली नव्हती, आणि प्रत्येक ओळीत पाणी वर चढलं होतं. साहेबांना हाक मारली. ते पडदा बघून म्हणाले, "भोंगा वाजवा. अर्ध्या तासात दारं उचलावी लागतील."

भोंगा सुरू केला. अप्पांना फोन लावला, पण पात्रात रेंज नसते. गच्चीवर धावले. भोंगा कान फाडत होता आणि खाली कळप तसाच बसलेला. एकही माणूस हलत नव्हता. चौकीदार काकांच्या मोटारसायकलवर मागं बसले आणि वाटभर अप्पांना हाका मारत राहिले, ऐकू जाणार नाहीत हे माहीत असून.

"उठा! दारं उचलायलेत!" मी काठावरून किंचाळले.

मेंढरं उठवायला वेळ लागतो. एक उठतं, दुसरं बसतं. शेवटचं कोकरू वर ओढलं आणि थोड्या वेळानं गढूळ पाणी वाळूवरून सरकत आलं. बघता बघता बाभळींचे बुंधे बुडाले.

मला रडू फुटलं, रागही आला. "भोंगा ऐकला न्हाई का तुमी? कावून उठला न्हाईत?"

अप्पांनी सोबतच्या दोघा मेंढपाळांकडे ओशाळून पाहिलं. "ऐकला की. हे दोगं उठलेबी हुते. मीच खाली बसवलं. म्हणलं, चाचणीचा भोंगा असंल, माझ्या लेकीनं आत्ताच पाणी बघून सांगितलंय."

त्या दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मग अप्पाच त्यांना समजावू लागले, "पाणी एकदमच वाढलं असंल, तिला तरी काय दिसणार?"

अकराच्या ओळीचं न सांगता मी होकारार्थी मान हलवली.