अडतीस किलोचं पोतं

कबनूरच्या आमच्या गल्लीतले धनपाल अज्जा चाळीस वर्षं यंत्रमागावर जॉबर होते; बंद पडलेला माग दुरुस्त करायचे. तरुणपणी मोठे पतंगबाज. एकदा त्यांच्या मांजानं घारीचा पंख कापला. जैन घरातला माणूस. त्या दिवसापासून मांजा सोडला, पतंग काही सुटला नाही. पुढे वाचनालयातल्या पुस्तकात त्यांना खोक्यासारखा पतंग दिसला. तेव्हापासून बांबू आणि मागावरचं कोरं कापड घेऊन ते तसलेच बांधतात, दर वर्षी आदल्या वर्षीपेक्षा मोठे.

माझी बारा वर्षांची आदिती दर रविवारी त्यांच्याकडे जायची. ते तिला सांगायचे, "ऑस्ट्रेलियात हारग्रेव्ह म्हणून एक माणूस हुता. असले चार पतंग एका दोराला बांधून सोळा फूट वर गेला. इमानाच्या आधी, बरं का!" मी शोधून वाचलं. त्याच सुमारास जर्मनीत लिलिएंथाल ग्लायडरवरून पडून मेला होता. हे अज्जांनी तिला सांगितलं नव्हतं. का?

आषाढात वारा सुटला आणि आदितीच्या वहीत मला ओळ दिसली : 'मी, ३८ किलो.' अज्जांनी तिला सूत तोलायच्या काट्यावर उभं केलं होतं.

रविवारी मीही तिच्याबरोबर गायरानात गेले. ट्रॅक्टरला दोर, दोराला चार पतंग, खाली झोळीत वाळूचं पोतं.

"वाळू किती?" मी विचारलं.

"अडतीस किलो."

"आदितीएवढीच?"

"पोतंच उडवतोय की! तुम्ही शिकलेल्या बायका लई शंका काढता."

त्यांची बायको राजमती हसली. "मला बसवा म्हणावं. ट्रॅक्टर जाईल वर, मी न्हाय."

पोतं खरंच नारळाच्या झाडाएवढं वर गेलं. आदिती नाचायला लागली. तेवढ्यात पावसाची भुरभुर सुरू झाली.

"उतरवा," मी म्हणाले.

अज्जा निवांत. कोऱ्या कापडाच्या सुताला कांजी असते. ती बारीक भोकं बुजवते, म्हणून वारा आरपार जात नाही. "भुरभुरीनं कांजी सुटत न्हाय. जन्म गेलाय कापडात."

सुटली. पतंग लिबलिबीत झाले आणि पोतं दणकन आपटून फुटलं.

मी झोळी उचलली. तळाला दोन गोल भोकं, कडा नीट दुमडून शिवलेल्या.

"अज्जा, पोत्याला पाय असतात?"

राजमतीचं हसू गेलं. "मला म्हणाले, पाणी निथळायला पायजेत. मी शिवली."

अज्जा म्हणाले, "पोतं नीट उतरलं असतं, तर बसवली असती तिला. खोटं कशाला बोलू?" त्यांनी झोळी माझ्या हातातून काढून घेतली.

तिकडे जायचं नाही म्हटल्यापासून आदिती माझ्याशी तीन दिवस बोललेली नाही. आज राजमतीचा फोन आला. "झोळी जाळली त्यांनी. पाठवा पोरीला."

"जळताना तुम्ही बघितली?"

"राख दावली की मला."

राख कुठल्याही कापडाची सारखीच दिसते. मी आदितीला पाठवणार नाही.