मेंढीकोटातली मेंढी

जाऊबाईंच्या मुलाचा वर्तकनगरहून फोन आला, "काकी, आईचं पत्ते खेळायला येणं बंद करू का? तिथून आली की गप्प बसून असते." तेव्हापासून माझं कशात लक्ष लागेना. दर गुरुवारी दुपारी कोपरला माझ्याकडे आम्ही चौघी मेंढीकोट खेळतो. जाऊबाई माझ्या भिडू, विरुद्ध शेजारच्या दोघी.

मागच्या गुरुवारी झालं काय, तर हुकूम बंद होता. जाऊबाईंनीच हुकमाचं पान चष्म्याच्या डबीखाली पालथं ठेवलेलं. शेजारणीकडे उतारीचं पान नव्हतं, ती म्हणाली, "काकू, हुकूम उघडा." तर ह्या म्हणतात, "कसला हुकूम?" कुणी हसलंसुद्धा नाही. मला तेच जास्त लागलं.

म्हणून या गुरुवारी मी आधीच म्हटलं, "आज गुलामचोर खेळू या. एक गुलाम बाजूला काढायचा, जोड्या लावायच्या, ज्याच्या हातात बिनजोडीचा गुलाम उरला तो चोर. नावातच सगळा खेळ आलाय."

"आणि मेंढीकोटाच्या नावात काय आहे, सांग बघू," जाऊबाई म्हणाल्या.

"दश्शीला मेंढी का म्हणतात ते कुणाला ठाऊक?"

"अगं, आमचे आजोबा सांगायचे. दश्श्या म्हणजे मेंढ्या, चारही हाकून आपल्या कोटात कोंडल्या की मेंढीकोट. खरं-खोटं देव जाणे. पण मला पोरांचा खेळ नको. बंद हुकूम आता झेपत नाही, कट हुकूम खेळू. जिथे पान नसेल तिथे पडेल तो हुकूम, सगळ्यांसमोर."

मी पत्ते पिसले. चहा गार झाला तरी माझं लक्ष त्यांच्या बोटांकडेच. किलवरचा हुकूम पडला. खेळ शेवटाकडे आला आणि उतारी त्यांची होती. दोन पानांवरून बोट फिरलं, थांबलं, परत फिरलं. शेजारीण म्हणाली, "काकू, पान टाका, संध्याकाळ होईल!"

"तुला कुठे गाडी पकडायचीय? बस गप."

आणि त्यांनी चौकटची मेंढी टाकली. मला वाटलं, गेली मेंढी. मग भराभर आठवलं, चौकटचा एक्का, राजा, राणी, गुलाम, सगळे पडून गेलेले. कुणाकडे कापायला हुकूम नव्हता. हात आमचा.

लक्षात ठेवून टाकली की बोट थांबलं तिथलं पान उचललं? विचारायचं अगदी ओठांवर आलेलं. नाही विचारलं.

त्या गेल्यावर त्यांच्या मुलाला मात्र लगेच फोन केला. म्हटलं, "गुरुवारी पाठव रे आईला. जमलं तर जरा लवकर."